सिंधूच्या खाटेवरचं यार्ड

माझी बायको पुण्यात हाय आन मी सिरसाळ्यात. भांडण न्हाई, तंटा न्हाई. नात झाली, सूनबाई नोकरीची, पोराला रजा न्हाई, म्हणून सिंधू 'चार म्हैन्यांसाठी' गेली. तेव्हा नात पाळण्यात होती. आता ती पळती, बोलती, आतून कडी लावून घेती. सिंधूचे चार म्हैने काई अजून संपले न्हाईत. गावात कुणी "काय जालिंदरराव, वैनी कधी येणार?" म्हणलं की माझं डोकंच फिरतं. अरे, मला कुणी सांगितलं असतं तर तुला सांगितलं नसतं का?

मीबी गेलतो पुण्याला, न्हाई असं न्हाई. आठ दिवस काढले. फ्लॅट पार वरच्या मजल्यावर, खाली बघवत न्हाई. सून ज्योत्स्ना घरातूनच हापिस करती. तिची मिटिंग चालू असली की माझा पोरगा प्रवीण म्हणायचा, "बाबा, हळू." मी शिंकलो तरी "बाबा, हळू." सोफ्यावर बसून बसून मला वाटाय लागलं, मी बी एक पार्सलच हाय, कुणीतरी घ्यायला यायचंय. शेवटी बस धरली. सिंधूला म्हणलं, "तू पोरीचं बघ, मी घर बघतो." ती "बरं" म्हणाली. आमच्यात बोलणं तेवढंच असतं. लग्नापासून तेवढंच हाय.

आता घर बघतो म्हंजे काय बघणार? पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर. मधल्या खोलीत सिंधूची खाट आन तिचं शिलाई मशीन. सकाळ कशीबशी जाती. पेपर असतो, बाजारात पाशाचं मोटार वायंडिंगचं दुकान असतं, तिथं शिव्या द्यायला आन घ्यायला एक माणूस असतो. पण दुपार कलली की घर खायला उठतं. कुकरची शिट्टी न्हाई, मशीनची खडखड न्हाई. मी सवयीनं दोन कप चहा टाकायचो, एक प्यायचो आन दुसऱ्याकडं बघत बसायचो.

अशाच एका दुपारी अगरबत्तीचं रिकामं खोकं हातात आलं. लांबुळकं, वरून उघडं. मला त्यात वाघीण दिसली. वाघीण म्हंजे मालगाडीचा डबा. परळीच्या थर्मलात, म्हंजे वीज केंद्रात, माझा जन्म त्याच खात्यात गेला. कोळशानं भरलेली अख्खी वाघीण धरून उलटी करणारं मशीन असतं, त्या मशीनवर मी होतो. खोक्याला पुठ्ठ्याच्या पट्ट्या मारल्या, लाल रंग दिला. चाकावर येऊन अडलो. चाकाला आतल्या अंगानं कड लागती, न्हाईतर गाडी रुळावर टिकत न्हाई. सिंधूच्या मशीनच्या खणात गुंड्यांचा डबा होता. एक मोठी गुंडी आन एक बारकी गुंडी एकमेकीला चिकटवली, झालं कडेचं चाक! मी खूश होऊन हसलो, आन दाखवायला कुणी न्हाई म्हणून गप झालो.

मग थांबलोच न्हाई. रूळ छत्रीच्या काड्यांचे, खालच्या फळ्या आइस्क्रीमच्या काड्यांच्या. उरसातलं एक खेळण्यातलं इंजिन आणलं, त्यात पाशानं चांगली मोटार बसवून दिली. "म्हातारपणी खेळतो का बे? लोकं काय म्हणतील?" असं म्हणत म्हणत बसवली, आन इंजिन चाललं तेव्हा टाळ्या वाजवणारा तोच होता. थर्मलची धुराडी पाइपाची केली. कोळसा मात्र खरा, बत्त्यानं कुटून बारीक केलेला.

प्रवीणनं मला मोबाईलवर एका ग्रुपात घातलं. छोट्या रेल्वे करणाऱ्यांचा ग्रुप. जो तो आपलं काम कुठवर आलं ते तिथं टाकायचा. कुणाचं इंजिन जर्मनीचं, कुणाचे रूळ जपानचे. मीबी माझ्या वाघिणींचा फोटो टाकला. एकानं इचारलं, "सर, स्केल कोणतं?" मी लिहिलं, "अगरबत्तीचं." खरं तेच सांगितलं. त्यावर हसणाऱ्या तोंडांची नुसती रांग लागली. एक जण म्हणाला, आधी माप शिका. मी त्याला मापात बसंल असं उत्तर दिलं आन ग्रुपातनं बाहेर पडलो. पाशाला सांगितलं तर तो म्हणतो, "तू कुटंबी गेला की भांडून येतो बे." येतो तर येतो!

पण दाखवल्याबिगर चैन पडंना. केलेलं काम कुणी बघितलंच न्हाई तर ते केलं काय आन न केलं काय? मग मी सिंधूला व्हिडिओ पाठवाय लागलो. रोज संध्याकाळी एक. इंजिन सोडायचं, मोबाईल हातात धरून त्याच्या मागं मागं जायचं आन बोलायचं. "सिंधू, हे बघ, आज फाटक केलं. सिंधू, ह्या वाघिणीची गुंडी तुझ्या त्या हिरव्या ब्लाऊजची हाय, खवळू नकोस."

पाठवलं की थोड्या येळानं अंगठा यायचा. तेवढाच. पण आला की बरं वाटायचं.

बोलता बोलता मी दुसरंबी बोलाय लागलो. फोनवर मला ते जमत न्हाई. फोन केला की तो स्पीकरवर. पलीकडं प्रवीण, ज्योत्स्ना, नात, कुकर, टीव्ही. "जेवलात का?" "जेवलो." "गोळी घेतली का?" "घेतली." झालं. त्या गर्दीत मी काय सांगणार? व्हिडिओत मात्र गाडी चाललेली असायची, मी तिच्याकडं बघायचो आन तोंडातनं निघायचं. "सिंधू, आज भाजी करपली. सिंधू, आज कुणाशीच बोललो न्हाई बघ, पाशाचं दुकान बंद होतं. सिंधू, मला तुझ्याबिगर लई एकटं वाटतंय." हे मी बोललो यावर माझाच इश्वास बसायचा न्हाई. आन त्यालाबी अंगठा यायचा. म्हंजे तिनं ऐकलं, तिला कळलं, असं धरून मी निवांत झोपायचो.

गाडी वाढत गेली. पुढची खोली पुरंना, म्हणून भिंतीला खालच्या अंगाला भोक पाडलं आन रूळ मधल्या खोलीत काढले. तिथं यार्ड केलं, वाघिणी उभ्या करायच्या लायनी. त्याला मोठी सपाट जागा लागती. सिंधूची खाट रिकामीच होती. तिच्यावर प्लायवूड टाकलं, वर यार्ड. मशीन जिन्याखाली सरकवलं. अख्खा हिवाळा त्या यार्डात गेला. मला विचाराल तर हातानं केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. एका लायनीवरनं वाघीण सोडली की बरोबर दुसरीला जाऊन टेकायची. त्याच्यावरबी अंगठा आला.

एप्रिलात भीमजयंतीला सिंधू येणारच होती. मार्चात मी धाडस केलं. यार्डातनं गाडी सोडली आन म्हणलो, "सिंधू, जयंतीला येशील ती कायमची ये. प्रवीणला सांग, बाई लावा, पाळणाघर बघा, काईबी करा. माझं घर रिकामं पडलंय. येणार असशील तर अंगठा दाव." पाठवलं, आन छाती अशी धडधडाय लागली, जसं काय मी मुलगी बघायला गेलतो.

चहाला उकळी यायच्या आत अंगठा आला.

मी सरळ पाशाच्या दुकानात. "पाशा, येतीय! कायमची येतीय!" पाशानं हातातली तार टाकली आन मला मिठी मारली. त्याची बायको हजराबी आतनं ओरडली, "भाभी आली की पहिलं जेवण माझ्याकडं!" मी त्या दिवशी बाजारात दिसंल त्याला सांगत सुटलो. लोकं म्हणाली असतील, म्हाताऱ्याला काय झालं. म्हणू द्या.

मग यार्ड काढलं. काढलं म्हंजे तोडलंच. फेविकॉलनं बसवलेलं सरळ कुठं निघतंय? काड्या मोडल्या, रूळ वाकले, वाघिणी पोत्यात भरल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण बायको येणार म्हणल्यावर यार्ड कुठं ठेवायचं, तिच्या डोक्यावर? भिंतीचं भोक सिमेंटनं बुजवलं, चुना मारला. खाटेवरची गादी पिंजून आणली, नवी चादर घातली. मशीन जाग्यावर आणून त्याला तेल दिलं. त्या दिवसांत व्हिडिओ पाठवला न्हाई. म्हणलं, आल्यावर बघंल. तिचे "गाडी का नाई पाठवली?" म्हणून दोन फोन आले, मी नुसता हसलो.

जयंतीच्या आदल्या दिवशी सिंधू आली. स्टँडावर उतरली, कडेवर नात यशू, हातात एक पिशवी. एकच. मी बसच्या डिकीत वाकून बघितलं, कंडक्टर म्हणाला, "काका, झालं की सामान." मी मनात म्हणलं, बाकीचं प्रवीण गाडीत घालून आणंल.

दार उघडल्या उघडल्या यशू खाली उतरली आन पळाली. पुढच्या खोलीतली गाडी बघितली, तिथनं मधल्या खोलीत गेली, खाटेपाशी थांबली. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "डबे? आजोबा, डबे?" आन भोकाड पसरलं.

सिंधू दारात उभी. "अहो, यार्ड कुटं गेलं?"

"तोडलं."

"तोडलं? कावून?"

कावून म्हणती! मी म्हणलं, "तूच तर अंगठा दावला."

तिला काई कळलं न्हाई. पोरगी रडून रडून लाल झालेली, तिला आधी गप करायला पाहिजे होतं. "थांब गं, जुनी दाखवते," म्हणून सिंधूनं पिशवीतनं मोबाईल काढला आन माझा व्हिडिओ लावला. यार्डातला. पोरगी हुंदके देत देत बघाय लागली. सिंधूनं केळ सोलून तिच्या तोंडात घास दिला. तिनं खाल्ला. डोळे गाडीवर, तोंड चालू.

"हिला ह्याच्याबिगर घास जात न्हाई," सिंधू म्हणाली. "रोज दोन्ही टायमाला तुमची गाडी. म्हणून तर फोन केलता, नवी का पाठवली न्हाई म्हणून."

गाडी चालली होती. पण आवाज न्हवता. मी म्हणलं, "आवाज कर की."

"आवाज बंदच असतो. ज्योत्स्नाची मिटिंग असती ना. आन गाडीच तर बघायची असती."

"एकदाबी लावला न्हाई?"

"कशाला? तुमी काय बोलत असता का त्यात?"

मी खाली टेकलो. एवढे दिवस, एवढ्या संध्याकाळी, मी कुणाशी बोलत होतो? आन ते अंगठे? मी इचारलं. ती म्हणाली, "पोचलं असं तुमाला कळावं म्हणून दाबते. प्रवीणनंच शिकवलंय, आलं की दाबायचं."

मग तिनं आवाज वाढवला. मी नको म्हणायच्या आत वाढवला. माझाच आवाज त्या खोलीत आला, घोगरा, मधीच खोकणारा. "सिंधू, जयंतीला येशील ती कायमची ये..." ती उभ्याउभ्याच ऐकत राहिली. तो संपला तसा तिनं त्याच्या आधीचा लावला. मग त्याच्या आधीचा. मी उठून मागच्या दाराला गेलो, उगंच बादलीतल्या पाण्यानं हात धूत बसलो. हाताला काई लागलेलं न्हवतं.

बऱ्याच येळानं तिनं हाक मारली. "या इकडं."

मी गेलो. यशू झोपली होती. सिंधू खाटेवर बसलेली, डोळे पुसून झालेले. म्हणाली, "मला काय दिसत होतं ते सांगू का? आवाज न्हवता, नुसतं दिसत होतं. पयल्यांदा पुढच्या खोलीत गाडी. म्हणलं, असू द्या, माणसाला इरंगुळा. मग भिंत फोडली. मग माझं मशीन जिन्याखाली. मग एक दिवस माझ्या खाटेवर यार्ड. मी ते स्वयंपाकघरात उभी राहून बघितलं, पोरीला भात चारता चारता. मनात म्हणलं, संपलं. ह्या माणसाला आता आपली गरज न्हाई. ह्यानं आपली जागाबी वापराय काढली."

"अगं, खाट रिकामी होती म्हणून..."

"हो, रिकामी होती! मी न्हवते म्हणून रिकामी होती!" एवढ्या मोठ्यानं सिंधू कधी बोलली न्हवती. पोरगी हलली, तशी तिनं आवाज उतरवला. "त्याच म्हैन्यात ज्योत्स्ना म्हणत होती, आई, तुमाला जायचं असंल तर आमी पाळणाघर बघतो. मीच म्हणलं, नको. कुटं जाऊ? माझ्या खाटेवर तर मालगाडी उभी हाय."

तिनं एवढं सगळं मनात धरलं, आन रोज सकाळी फोनवर "गोळी घेतली का" म्हणत होती. आन मी "घेतली" म्हणत होतो. दोघांनाबी धरून बडवायला पाहिजे.

शेवटी मी म्हणलो, "बरं, आता तोंडानं इचारतो. खाट रिकामी केलीय. ऱ्हाती का?"

ती झोपलेल्या यशूकडं बघत बसली. "तेव्हा म्हणला असता तर आले असते. आता ही माझ्याबिगर झोपत न्हाई. मला धरून झोपती. हिला कशी टाकून येऊ? आन खरं सांगू, माझंबी हिच्याबिगर न्हाई व्हायचं." मग माझ्याकडं वळली. "आता मी इचारते. तुमी येता का पुण्याला? माझ्यासाठी. मला तिथं बोलायला कुणी न्हाई. दिवसभर हळू हळू बोलून माझा गळा बसलाय. तुमी आला तर गॅलरीत बसून दोघं बोलू. व्हिडिओत बोलता तसं बोला."

सगळ्या आयुष्यात तिनं माझ्याकडं मागितलेली ही पयलीच गोष्ट. आन मला काय दिसलं? तो सोफा दिसला. 'बाबा, हळू' ऐकू आलं. पुढच्या खोलीतली अर्धी उरलेली गाडी दिसली, धुराडी दिसली, पाशाचं दुकान दिसलं. मला हो म्हणायचं होतं. देवाधर्माची शपथ मी घेत न्हाई, पण खरंच हो म्हणायचं होतं. तोंड उघडलं आन निघालं, "बघू."

सिंधू थोडा येळ थांबली. अजून काई निघतंय का म्हणून थांबली असंल. मग उठली, चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी जयंती. गल्लीत निळ्या पताका, विहारापुढं मांडव. सिंधूनं पांढरी साडी नेसून बायकांची वंदना घेतली. तिचा आवाज अजून तसाच हाय, सगळ्या बायकांच्या वर जातो. इथं तिला कुणी हळू म्हणत न्हाई. संपल्यावर बायकांनी घेरलं, "आता ऱ्हाणार ना हो वैनी?" तिनं माझ्याकडं बोट केलं आन म्हणाली, "यांना इचारा." बायका हसल्या. मीबी हसलो. हसायचं काय होतं त्यात, मला अजून कळलं न्हाई. हजराबीकडं जेवायला गेलो तर तिथं पाशा नुसता माझ्या ताटात वाढत राहिला. त्याला माझ्या तोंडावरनं सगळं कळतं.

तिसऱ्या दिवशी सकाळची पुण्याची बस. मी पिशवी घेतली, तिनं पोरगी. बसमधी खिडकीची जागा मिळाली. मी खालनं म्हणलं, "गोळ्या घेत जा टायमाला." ती म्हणाली, "तुमीबी." कंडक्टरनं दार लावलं. तेव्हा ती खिडकीतनं वाकली आन म्हणाली, "व्हिडिओतलं मी ऐकलं न्हाई, ती माझी चूक. पण परवाचं ऐकलंय. मी तुमच्यासंगं आयुष्य काढलंय, तुमचं 'बघू' मला कळतं."

बस हालली. मी दोन पावलं बरोबर चाललो. "येतो," म्हणायचं होतं. नुसतं येतो. स्टँडावर काई एवढी गर्दी न्हवती, आवाज न्हवता, कुणाची मिटिंग न्हवती. ती ऐकायला तयार होती, खिडकी उघडी होती, बस वळणापर्यंत हळूच चालली होती. मी हात वर केला आन म्हणलो, "पोचली की फोन कर."